सावलीतलं माप

आमच्या पर्यावरणशास्त्र विभागात 'उकडतंय' म्हणायची चोरी होती. हवामानबदलावर पीएच. डी. करणाऱ्या मुलामुलींनी भरलेला विभाग, एप्रिलचा महिना, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि तरीही कुणी कपाळ पुसत आत येऊन "काय उकडतंय आज!" म्हटलं की खिडकीजवळच्या टेबलावरून प्रश्न यायचा,

"सावलीत मोजलं का?"

विचारणारी मान वर करायची नाही. ती प्रणाली गेडाम. गाव चंद्रपूर. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि माणसं त्याची बातमी करत नाहीत, तिथून ती पुण्यात आली होती, आणि विषय घेतला होता पुण्यातला उष्मा. आल्या आल्या तिने आम्हा पुणेकरांचा एक मोठा आधार काढून घेतला. 'आमच्या वेळी पुण्यात पंखे लागत नव्हते' हे वाक्य इथे कुणीही, कुठल्याही वयात म्हणू शकतो. प्रणालीसमोर ते म्हणता येत नसे. ती शांतपणे विचारायची, "कुठं मोजलं होतं? भिंतीवर की झाडाखाली?"

तिच्या त्या प्रश्नात शास्त्र होतं. हवेचं तापमान सावलीतच मोजायचं असतं. उन्हात ठेवलेला थर्मामीटर स्वतः तापतो आणि मग हवेबद्दल न सांगता स्वतःबद्दलच सांगत बसतो. हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं, पण प्रणालीने ते माणसांनाही लावलं. निनाद म्हणून आमचा एक सहकारी होता, कायम कुणावर तरी चिडलेला. तो येऊन आमच्या मार्गदर्शकांबद्दल म्हणायचा, "आपटे मॅडम माझ्यावर खुन्नस काढतायत." हिचा प्रश्न तयार, "सावलीत मोजलं का बे?" म्हणजे आधी पाणी पी, बस, आणि थंड झालास की परत सांग. निम्म्या वेळा निनाद परत सांगायचा नाही.

'वाटतं' हा शब्द तिला चालत नसे. गार वाटतंय, गरम वाटतंय, बरं वाटतंय, यातलं काहीही तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. तापाने फणफणलेली असतानासुद्धा "कसं वाटतंय?" या प्रश्नाला तिने थर्मामीटरचा आकडा सांगितला होता.

दिसायला ठेंगणी, चालणं मात्र लांब टांगांचं. आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. तोंडाला पांढरी ओढणी गुंडाळून जुन्या स्कूटीवरून गावभर फिरायची. चहा भर दुपारी प्यायची, तोही उकळता, आणि पिताना सावलीबरोबर सरकत राहायची. आमच्या टपरीशेजारी एक पिंपळ आहे. सकाळी त्याच्या पश्चिमेला सुरू झालेली चर्चा दुपार कलता कलता पूर्वेला गेलेली असायची, आणि बोलणाऱ्यांना कळतही नसे की आपल्याला हलवलं गेलंय. मी खडकवासल्याच्या धरणातल्या गाळावर काम करत होतो. तिला गाळात काडीचा रस नव्हता, पण ऐकून घ्यायची. अर्थात सावली असेपर्यंत.

विभागातल्या एसीवरून तिने मोठी करमणूक केली. संगणक तापू नयेत म्हणून तो एसी अठरावर ठेवलेला असे आणि आम्ही सगळे तापमानवाढीचे अभ्यासक मे महिन्यात शाली पांघरून बसलेले असू. पहिल्या दिवशी ती दारातच थांबली, मागे गेली, आणि दुसऱ्या दिवशी लाल स्वेटर घालून आली. "चंद्रपूरले कधी स्वेटर लागला नाही मले," ती म्हणाली. "तुमची तापमानवाढ शिकायले आली अन् हा विकत घ्यावा लागला." आपटे मॅडम तिच्यामागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पावती ठेव. प्रकल्पाच्या खर्चात दाखवू." त्या कधी गंमत करतात आणि कधी खरं बोलतात हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. एसी मात्र त्या दिवसापासून सव्वीसवर गेला.

तिचं काम असं होतं. शहराच्या वेगवेगळ्या भागांत तापमान नोंदवणारे छोटे डबे टांगायचे आणि ते वर्षभर बोलू द्यायचे. डब्याला सावली हवी आणि वाराही हवा. परदेशी बनावटीची त्यासाठीची आवरणं आमच्या ऐपतीबाहेरची, म्हणून ती घरीच करायची. कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या उपड्या घालून एकावर एक रचायच्या, मध्ये बोटभर फट ठेवायची, आणि आत डबा. हे जगभरचे गरीब संशोधक करतात, त्यात लाज नाही. प्रणाली मंडईजवळच्या दुकानातून ताटल्या आणायची आणि ड्रिलने त्यांना भोकं पाडत बसायची.

कोथरूडच्या एका सोसायटीत डबा टांगायची परवानगी मागायला मीही तिच्याबरोबर गेलो होतो. अध्यक्ष लेले काका, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी ताटल्यांचा तो मनोरा चष्म्यावरून पाहिला.

"हे काय?"

"तापमान मोजायचं आहे काका."

"तापमान आम्हाला ठाऊक आहे. पेपरात येतं."

"ते पेपरातलं, काका. तुमच्या जिन्याजवळचं नाही."

"आमच्या जिन्याजवळ तापमान नसतं. सायकली असतात."

यावर प्रणाली इतक्या मोठ्याने हसली की वरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं आली. आपल्या बोलण्यावर कुणी मनापासून हसावं याची लेले काकांना सवय नसावी. त्यांनी परवानगी तर दिलीच, शिवाय स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली: 'हे पक्ष्यांचे घरटे नाही. मधमाश्यांचे पोळे नाही. हे काय आहे ते ज्यांना समजते त्यांनीच हात लावावा. त्यांनीही शक्यतो लावू नये.' प्रणालीने तिचा फोटो काढला आणि पुढे जिथे जिथे डबा टांगला तिथे तिथे हाच मजकूर लावला. पुण्याकडून आपल्याला मिळालेलं सर्वांत उपयोगी साहित्य हेच, असं ती म्हणायची.

तिचे सगळ्यात महत्त्वाचे डबे खडकीजवळच्या एका वस्तीत होते. रेल्वेच्या रुळांकडे पाठ करून उभी असलेली पत्र्याची आणि विटांची घरं, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला तिरकं व्हावं लागेल अशा गल्ल्या. तिथे शमीमभाभींच्या भिंतीवर तिने पहिला डबा लावला. भाभी शाळेचे गणवेश शिवायच्या. वर तापलेला पत्रा, खाली शिलाई मशीन, आणि मानेवर कायम ओला पंचा.

"बेटा, हे मोजून काय होणार?" त्यांनी विचारलं.

अशा प्रश्नाला आम्ही संशोधक एक ठरलेलं उत्तर देतो, त्यात 'धोरण' हा शब्द असतो. प्रणाली म्हणाली, "सध्या तर काहीच नाही, भाभी. मोजलं की सांगते."

"ठीक आहे. ऱ्हाऊ दे तुझं मशीन. पण खिळा माझ्या कपड्याच्या दोरीचा आहे, तो हलवायचा नाही."

उन्हाळा संपला तेव्हा आकडे असे आले की आपटे मॅडमसुद्धा खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या. भर दुपारी वस्ती आणि कोथरूड यांच्यातला फरक आमच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा होता. बातमी विभागाबाहेर गेली. एका धर्मादाय ट्रस्टला वस्तीतले सगळे पत्रे पांढऱ्या रंगाने रंगवून द्यायची इच्छा झाली, कारण पांढरा पत्रा ऊन परत फेकतो आणि घर कमी तापतं. फक्त विश्वस्तांपुढे एकदा रीतसर सादरीकरण व्हायला हवं होतं. प्रणाली वस्तीत गेली आणि भाभींना म्हणाली, "पुढच्या मे महिन्याच्या आत तुमचा पत्रा पांढरा झालाच समजा, भाभी." न मोजता दिलेला तिचा हा एकुलता एक शब्द.

मग ऑक्टोबर आला. काम संपलं की सगळे डबे एकाच जागी आणून शेजारी शेजारी टांगायचे आणि ते एकच आकडा सांगतात का ते बघायचं, ही आमच्यातली शिस्त. प्रणालीने ही तपासणी सुरुवातीलाही केली होती, पण खोलीत आणि ताटल्या लावण्याआधी. आता ताटल्यांसकट सगळे डबे विभागाच्या गच्चीवर ओळीने लागले. संध्याकाळी आकडे उतरवून घेतले, आणि डब्यांचे दोन तट पडलेले दिसले. दुपारच्या उन्हात अर्धे डबे बाकीच्यांपेक्षा सरळसरळ जास्त दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेलो तर ती एक ताटली सूर्याकडे धरून उभी होती. मला जवळ बोलावून तिने ताटलीमागे बोट धरलं. प्लास्टिकमधून बोटाची सावली दिसत होती. दुसरी ताटली धरली. काही दिसेना.

"मंडईतल्या संपल्या होत्या," ती म्हणाली. "वस्तीत लावायच्या वेळी खडकी बाजारातून घेतल्या. पांढऱ्याच दिसल्या, घेऊन टाकल्या. मी डबे तपासले, ताटल्या नाही तपासल्या."

म्हणजे पातळ ताटल्या नेमक्या वस्तीतच होत्या. ऊन त्यांच्यातून आत शिरत होतं आणि डबे स्वतःच तापत होते. त्या मोठ्या फरकातला किती वस्तीचा आणि किती ताटलीचा, हे सांगता येणार नव्हतं. आयुष्यभर सगळ्यांना 'सावलीत मोजलं का' विचारणाऱ्या मुलीने स्वतः अर्ध्या सावलीत मोजलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

निनाद म्हणाला, "अगं, ट्रेंड तर बरोबर आहे ना! वस्ती जास्त तापते हे काय खोटंय? एक करेक्शन मारून टाक आणि मोकळी हो."

"कशाच्या भरवशावर मारू? गच्चीवरचं ऊन गल्लीत आहे का? गच्चीवरचा वारा?"

"मग ट्रस्टवाले पळतील. कुणाचं भलं होणारे त्यात?"

खरं सांगायचं तर मला निनादचं म्हणणं पटत होतं. त्या घरात मी बसलो होतो. तिथे उकडतं हे कळायला डबा लागत नाही. आपटे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक ताटलीची आहे, ती ताटलीएवढीच राहू दे. काय वाचतंय ते शोध." प्रणाली आठवडाभर सगळे आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसली. टपरीवरही आली नाही. पिंपळाखाली आम्ही उन्हातच उभे राहू लागलो.

सादरीकरणाच्या दिवशी विश्वस्त मंडळी बसली होती. प्रमुख शहा शेठ, कापडाचे व्यापारी, कमी बोलणारे. प्रणालीने पडद्यावर काही दाखवायच्या आधी पिशवीतून दोन ताटल्या काढल्या आणि टेबलावरून फिरवल्या. खिडकीकडे धरून बघा, म्हणाली. सगळ्यांनी बघितलं. मग तिने काय झालं ते सांगितलं, आणि चूक माझी आहे, हेही सांगितलं.

"म्हणून दुपारचे आकडे मी मागे घेते."

शहा शेठनी ताटली खाली ठेवली. "मग आम्ही इथे कशासाठी आलो?"

"रात्रीसाठी," प्रणाली म्हणाली. तिचा तो बांधापलीकडे जाणारा आवाज परत आला होता. "रात्री ऊन नसतं. मग ताटली जाड असली काय, पातळ असली काय. हे गच्चीवरचे सगळे डबे बघा. सूर्य मावळला की सगळ्यांची एकच रेघ होते. रात्रीचं माप शंभर टक्के खरं आहे." मग तिने ते दाखवलं. कोथरूडची रेघ मावळतीनंतर खाली उतरत जात होती. वस्तीची रेघ उतरायचं नाव घेत नव्हती. दिवसभर पत्र्याने आणि भिंतींनी घेतलेलं ऊन त्या अरुंद गल्ल्या पहाटेपर्यंत सोडत नव्हत्या. "दुपारी माणूस कुठंतरी सावली शोधतो, साहेब. झाडाखाली बसतो, कामावर जातो. झोपायले मात्र त्याले घरीच यावं लागते."

शहा शेठनी पातळ ताटली पुन्हा उचलून खिडकीकडे धरली आणि आपल्याच बोटाकडे बराच वेळ बघितलं.

"धंद्यात असं खराब कापड आलं की आम्ही ते खालच्या थप्पीत घालतो," ते म्हणाले. "तुम्ही वर ठेवलंत. पण आता सगळी वस्ती एकदम नको. एक गल्ली रंगवू, शेजारची तशीच ठेवू. उन्हाळाभर दोन्हीकडे मोजा. फरक दिसला तर बाकीची मी रंगवतो, माझा शब्द."

प्रणालीला याहून चांगलं काही नको होतं. मला मात्र बाहेर आल्यावर कळलं की तिने कुठली गल्ली निवडली. रंग समोरच्या गल्लीला. शमीमभाभींची गल्ली 'तशीच ठेवायची'.

"काहून?" मी तिच्याच भाषेत ओरडलो. "तू शब्द दिलायस त्यांना!"

"म्हणूनच. ओळखीच्या घराले रंग लावला तर उद्या कोणीही म्हणन, पोरीनं माप झुकतं दिलं. एकदा ताटलीनं फसवलं, आता मी नाही फसवत."

मला तिचा रागच आला. बरोबर असलेल्या माणसाचा येतो तसला, म्हणून जास्त.

ती भाभींना सांगायला गेली तेव्हाही मी बरोबर होतो. तिने काही गुळमुळीत केलं नाही. ताटल्यांचं सांगितलं, शेठचं सांगितलं, गल्लीचं सांगितलं. भाभींचं मशीन चालू होतं ते थांबलं.

"म्हणजे समोर रंग, आणि आमच्यात डबा."

"हो, भाभी."

"कुणी ठरवलं?"

"मीच."

भाभींनी पंचा मानेवरून काढला, पिळला, पुन्हा मानेवर टाकला. "एक साल अजून तपायचं तर तपू. इतकी वर्षं काय केलं? पण तू येत जा. तोंड लपवून समोरच्या गल्लीतून जायचं नाही."

प्रणालीने ते अक्षरशः पाळलं. तिच्या प्रबंधाचं लेखन त्या उन्हाळ्यात व्हायचं होतं. विभागात टेबल होतं, सव्वीसचा एसी होता. ती लॅपटॉप घेऊन रोज दुपारी भाभींच्या खोलीत जाऊन बसायची, मशीनशेजारी, त्याच पत्र्याखाली, ओला पंचा मानेवर घेऊन. लॅपटॉप तापून बंद पडायचा, तो थंड होईपर्यंत ती गणवेशांना काजं करायची. भाभी तिला म्हणाल्या, "कॉलेजवाल्यांनी शिक्षा दिली का तुला?" ती म्हणाली, "इथं लिहिणं चांगलं होऊन राहिलं." आपटे मॅडम प्रबंध वाचताना मला म्हणाल्या होत्या की यात एकही फालतू वाक्य नाही. ते का नव्हतं हे मला माहीत होतं. त्या खोलीत बसून फालतू वाक्य लिहिण्याएवढी ताकद कुणात उरत नाही.

उन्हाळाअखेर दोन रेघा शेजारी ठेवल्या. समोरच्या गल्लीची रात्र भाभींच्या गल्लीपेक्षा लवकर निवत होती. डोळे दिपतील एवढा मोठा फरक नव्हता, पण रोजचा होता आणि खरा होता, आणि कुणीही कुठलीही ताटली उन्हात धरून बघावी असा होता. शहा शेठनी शब्द पाळला. तरी रंग यायला, माणसं मिळायला, पत्र्यावर चढायच्या फळ्या जमायला पुढचा मे उजाडलाच. प्रणालीला तोवर पदवी मिळाली होती आणि चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात नोकरीही. रुजू व्हायची तारीख अगदी तोंडावर आली तरी तिने तिकीट काढलं नव्हतं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते भाभींच्या घरी. मी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती आणि ती पत्र्यावर आडवी टाकलेल्या फळीवर बसून शेवटचा कोपरा रंगवत होती. रंगाऱ्यांना तिने जेवायला पाठवलं होतं. कोपरापर्यंत हात पांढरे, ओढणीवर शिंतोडे. मला बघून वरूनच ओरडली, "बाजूले हो बे, डब्याचा वारा अडवून राहिला तू!" मी हललो.

मग ती शिडीवरून उतरली, हात धुतले आणि भाभींच्या खोलीत येऊन आपल्या नेहमीच्या जागी, मशीनशेजारी, भिंतीला टेकून बसली. भाभींनी चहा ठेवला. वर पत्रा होता तोच, त्याच्यावर ऊनही तेच होतं. भाभींच्या मानेवर पंचा नव्हता. प्रणालीचा डबा बाहेर भिंतीवर होता, लॅपटॉप पिशवीत होता, आणि तिने दोन्हींकडे पाहिलं नाही. डोळे मिटून ती बसून राहिली.

"काय गं," मी विचारलं, "किती फरक पडला?"

"नाही मोजलं," ती म्हणाली. डोळे तसेच मिटलेले. "बरं वाटून राहिलं."

भाभींनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि मशीन सुरू केलं.